जुना फ्लॅश घ्यायचाय? आधी चार पेन्सिल सेल खिशात टाका

कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला फ्लॅश चेहऱ्यावर सरळ समोरून आदळतो आणि नाक, गाल, कपाळ सगळं सपाट करून टाकतो. तोच फ्लॅश काढून स्टँडवर लावला, थोडा बाजूला आणि डोळ्यांपेक्षा जरा वर, की चेहऱ्याला उठाव येतो. यासाठी कंपनीचा नवा महागडा फ्लॅशच पाहिजे, असं दुकानात सांगतील. पण बाजूला ठेवून वापरायच्या फ्लॅशला कामं फार थोडी असतात, आणि पंधरा-वीस वर्षं जुना फ्लॅशही ती चोख करतो. फक्त घेताना तो कसून तपासला पाहिजे. नागपुरात लग्नाची फोटोग्राफी जोरात चालते, म्हणून जुने फ्लॅश मिळतात भरपूर. त्यातले बरेचसे दमलेलेही असतात.

पहिले आपला कॅमेरा पाहा

फ्लॅश शोधायच्या आधी कॅमेऱ्यावरचा हॉट शू, म्हणजे फ्लॅश सरकवायची ती धातूची खाच, नीट न्याहाळा. तिच्या मधोमध एक ठळक गोल टिकली दिसते का? कॅमेऱ्याने फ्लॅशला 'आता उड' सांगायचं ते याच टिकलीतून. साधे, स्वस्त ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावर लावून दूरचा फ्लॅश उडवणारी छोटी यंत्रं, फक्त या एका टिकलीवर चालतात.

कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू हे आपल्याकडे घरोघरी दिसणारे कॅमेरे. यांच्या हॉट शूमध्ये ती मधली टिकली बहुधा नसतेच. कंपनीने ती काढून टाकली. अशा कॅमेऱ्यावर साधा ट्रिगर लावून कितीही बटणं दाबली तरी फ्लॅश उडणार नाही, आणि नवशिका माणूस समजतो की फ्लॅशच खराब निघाला. तुमच्याकडे यातला कॅमेरा असेल तर खास कॅननसाठी बनवलेला, बाकीच्या पिनांमधून बोलणारा ट्रिगर लागेल. उदाहरणार्थ गोडॉक्स एक्स२टीचं कॅनन मॉडेल, तेही नवं फर्मवेअर (ट्रिगरच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकून. हा खर्च आधीच हिशोबात धरा.

सोनीवाल्यांनीही जपून. २०१२ च्या आधीच्या सोनीच्या डीएसएलआरचा शू मिनोल्टाच्या काळातला, वेगळ्याच आकाराचा आहे. साधा फ्लॅश त्यात बसतच नाही, अडॅप्टर लागतो. निकॉन, फुजी आणि मधली टिकली असलेल्या कॅननवाल्यांनी पुढच्या भागाकडे वळावं.

फ्लॅशकडून आपल्याला काय पाहिजे

हातानं ताकद कमी-जास्त करता आली पाहिजे, म्हणजे मॅन्युअल मोड. पूर्ण ताकद १/१, मग १/२, १/४, अशी खाली निदान १/६४ पर्यंत. दुसरं, फ्लॅश आपोआप झोपी जाणं बंद करता आलं पाहिजे. स्टँडवर सहा फूट उंच लावलेला फ्लॅश दर तीन मिनिटांनी झोपला तर फोटो काढणं राहतं बाजूला आणि तुम्ही त्याला उठवत बसता. तिसरं, दुरून उडवायची काही तरी सोय: आत रेडिओ रिसिव्हर, नाहीतर वायर जोडायचं पीसी सॉकेट, नाहीतर किमान हॉट शूवरची चालू पिन. बस्स.

टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः उजेड मोजून फ्लॅशला ताकद सांगणं, हे लग्नात धावपळ करणाऱ्याच्या कामाचं. तुमचा फ्लॅश स्टँडवर, माणूस खुर्चीवर, मधलं अंतर ठरलेलं. एकदा ताकद बसवली की ती हलायला नको. उलट टीटीएलमध्ये माणसाने पांढऱ्याऐवजी काळा शर्ट घातला की उजेड बदलतो. म्हणून टीटीएलसाठी जादा पैसे मोजू नका. नव्यानं शिकणाऱ्याला तर मॅन्युअलच बरं. काय केल्यानं काय झालं ते कळतं.

इथे एक खाचखळगा आहे. नावाजलेल्या कंपनीचे काही जुने फ्लॅश स्वस्तात दिसतात, पण त्यांच्या अंगावर ताकद बदलायची सोयच नाही. कॅननचा ४२०ईएक्स त्यातला. निकॉनचा चिमुकला एसबी-४०० सुद्धा कॅमेऱ्याच्या मेनूतूनच हलतो, स्टँडवर गेला की काही ऐकत नाही. फ्लॅशच्या पाठीवर मॅन्युअलचं बटण आणि प्लस-मायनस दिसत नसेल तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.

खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा

ताकद मोजायचं माप म्हणजे गाइड नंबर. आयएसओ १०० ला हा नंबर भागिले लेन्सच्या छिद्राचा एफ-आकडा म्हणजे अ‍ॅपर्चर, की किती मीटरपर्यंत बरोबर उजेड पडेल ते निघतं. ३६ नंबरचा फ्लॅश एफ/८ ला साडेचार मीटर.

यात गंमत अशी, की कंपन्या आकडा फ्लॅशच्या वेगवेगळ्या झूमवर सांगतात; झूम जास्त, तेवढा उजेड अरुंद आणि लांब जाणारा. कॅनन ५८०ईएक्स टू चा नंबर ५८, पण तो १०५ मिमी झूमला. ३५ मिमीला तोच फ्लॅश ३६ वर येतो. निकॉन एसबी-२८ चा नंबर ३६, आणि तो ३५ मिमीलाच मोजलेला. म्हणजे कागदावर ५८ विरुद्ध ३६, आणि प्रत्यक्षात दोघं सारखेच. गोडॉक्स टीटी६०० वर ६० लिहिलंय, ते २०० मिमीला. त्यामुळे मोठ्या आकड्याला भुलू नका, कोणत्या झूमला सांगितलाय ते विचारा.

हा हिशोब नागपूरच्या उन्हाला लावून पाहू. भर दुपारी लख्ख उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० ठेवलं तर अ‍ॅपर्चर एफ/११ च्या आसपास येतं. ३६ भागिले ११ म्हणजे सव्वातीन मीटर, तेही फ्लॅश थेट रोखला तर. समोर उजेड मऊ करणारी छत्री लावली की ती साधारण दोन स्टॉप उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), नंबर निम्मा होतो, आणि तुम्ही उरता दीड-पावणेदोन मीटरवर. फुटाळा तलावाच्या काठावर दुपारी बाराला एका छोट्या फ्लॅशनं उन्हाशी झुंजता येत नाही ते यामुळे. तिथेच सूर्यास्ताच्या थोडं आधी जा. ऊन तीन-चार स्टॉप उतरलेलं असतं, एफ/४ चालतं, आणि तोच फ्लॅश छत्रीतून साडेचार मीटरपर्यंत पोचतो. शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर नेऊन ऊन दाबू म्हणाल तर फोटोत काळा पट्टा येतो, कारण त्यापुढे शटरचा पडदा पूर्ण उघडतच नाही. त्यावर एचएसएस, म्हणजे वेगवान शटरलाही साथ देणारा फ्लॅशचा मोड, हा इलाज आहे, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच गळते. थोडक्यात, ३५ मिमीला ३० च्या वर नंबर असलेला फ्लॅश पाहा आणि दुपारची झोप घ्या.

कोणती मॉडेलं शोधायची

माझं मत विचाराल तर पहिली पसंती गोडॉक्स टीटी६००. फक्त मॅन्युअल, पण आत २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ बसवलेला. वेगळा रिसिव्हर नको, कॅमेऱ्यावर एक ट्रिगर लावला की झालं, आणि ताकद ट्रिगरवरूनच बदलता येते. पुढे दुसरा, तिसरा फ्लॅश घ्याल तो याच पद्धतीत मिसळतो.

त्यानंतर योंगनुओ वायएन ५६०. यातले तीन आणि चार नंबरचे पाहा; पहिल्या दोनमध्ये रेडिओ नाही. तीन नंबर फक्त ऐकतो, चार नंबर ऐकतो आणि दुसऱ्याला सांगतोही. बाजारात हे ढिगानं आहेत. बिघडले तर दुरुस्तीवर पैसे घालण्यात मात्र फारसा अर्थ नसतो.

निकॉनचे जुने एसबी-२५, २६, २८ आणि ८०डीएक्स हे फिल्मच्या काळातले दणकट गडी. सगळ्यांना पीसी सॉकेट आहे. एसबी-२६ आणि ८०डीएक्समध्ये तर दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडणारा डोळाही आहे. कॅमेरा कॅननचा असला तरी हे चालतात, कारण आपल्याला फक्त 'उड' एवढंच सांगायचंय. एसबी-६०० आणि एसबी-७०० चांगले, पण त्यांना पीसी सॉकेट नाही. ट्रिगर शूमधूनच जोडावा लागेल. कॅननमध्ये ४३०ईएक्स टू आणि ५८०ईएक्स टू. सिम्पेक्स, डिजिटेकचेही फ्लॅश दिसतील. वर सांगितलेल्या तिन्ही सोयी असतील तर हरकत नाही.

लिथियम बॅटरीवाले, उदाहरणार्थ गोडॉक्स व्ही८६०, झपाझप भरतात म्हणून लग्नवाल्यांचे लाडके. जुना घेताना मात्र बॅटरी म्हातारी झालेली असते, आणि त्यात पेन्सिल सेल टाकता येत नाहीत. नव्या बॅटरीची किंमत फ्लॅशच्या किमतीत मिळवूनच सौदा करा. बॅटरी जराही फुगलेली दिसली तर हात लावू नका.

एखाद्या जुन्या स्टुडिओच्या कपाटातून व्हिविटार २८३ किंवा तसलाच सत्तरच्या दशकातला फ्लॅश निघू शकतो. उजेड जबरदस्त, पण अशा जुन्या फ्लॅशच्या पिनांवर शंभर-दोनशे व्होल्टच्याही वर दाब असू शकतो. तो थेट कॅमेऱ्यावर चढवला तर कॅमेऱ्याची सर्किटं जळायची. असा फ्लॅश कॅमेऱ्याच्या हॉट शूला लावायचाच नाही. रेडिओ रिसिव्हरवर लावायचा असेल तर तो रिसिव्हर किती व्होल्ट सोसतो ते आधी पाहा. पहिला फ्लॅश म्हणून मी तो सुचवणार नाही.

शोधायचं कुठे आणि केव्हा

सीताबर्डीवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत आधी विचारा. दुकानदार थोडे जास्त घेतो, पण उद्या काही झालं तर त्याला गाठता तरी येतं. मग ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस. सगळ्यात चांगला माल मात्र ओळखीतून मिळतो: तुमच्या घरच्या लग्नाचे फोटो ज्यानं काढले त्याला फोन करा. या लोकांकडे जुने दोन-तीन फ्लॅश कपाटात पडूनच असतात.

वेळही पाहा. आषाढी ते कार्तिकी एकादशी, चातुर्मासात लग्नं थांबलेली असतात, स्टुडिओवाल्यांचा हात मोकळा असतो आणि भाव करायला माणूस बसतो. तुळशीचं लग्न लागलं की तोच माणूस फोन उचलत नाही.

ऑनलाइन सौद्यात न पाहता अ‍ॅडव्हान्स देऊ नका. 'मी सैन्यात आहे, बदली झाली, सामान कुरिअरनं पाठवतो' ही ठगांची जुनी कथा आहे. नागपुरातच असेल तर समोर भेटा. भेटायची जागा गर्दीची असावी, पण भर उन्हातली नको. उन्हात फ्लॅशची तपासणी होत नाही. विक्रेत्याचा स्टुडिओ किंवा आडोशाचं चहाचं दुकान बरं.

समोर बसून तपासणी

सोबत काय न्यायचं: स्वतःचे चार पूर्ण चार्ज केलेले निकेल मेटल हायड्राइड सेल, आपला कॅमेरा, आणि अर्धा तास. विक्रेत्याचे सेल वापरू नका. फ्लॅश हळू भरला तर तो म्हणणार, 'सेल डाऊन आहेत भाऊ, बाकी एकदम ओके,' आणि खरं काय ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

सेल टाकायच्या आधी बॅटरीचं दार उघडून आत टॉर्च मारा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पावडर म्हणजे कधी तरी सेल आत गळलाय. हलकी असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीनं निघते, पण धातू खाल्ला गेला असेल तर राम राम करा. दार घट्ट बसतं का ते पाहा. त्याचा खटका या फ्लॅशांमध्ये पहिला तुटतो आणि मग जन्मभर चिकटपट्टी.

आता पुढची काच. आतून तपकिरी डाग, वितळल्यासारखा भाग किंवा नळीची टोकं काळी पडलेली दिसली तर हा फ्लॅश पूर्ण ताकदीवर खूप राबलाय. थोडी काळी टोकं चालतात, वितळलेली काच नाही. डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवून पाहा, ठेवलं तिथे थांबलं पाहिजे. खालचा पाय हलवून पाहा. प्लॅस्टिकचा असेल तर भेगा शोधा.

मग सेल टाका. बारीक शिट्टीसारखा आवाज येईल, तो चार्ज होण्याचा. बरेच महिने पडून राहिलेला फ्लॅश पहिल्यांदा हळू भरतो, कारण आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सुस्तावलेला असतो. दोन-चार वेळा भरून उडवला की सुधारतो. त्यानंतर घड्याळ लावा. पूर्ण ताकदीवर उडवल्यावर फ्लॅश तयार झाल्याचा दिवा परत लागायला साधारण तीन ते पाच सेकंद ठीक. चांगल्या सेलवरही दहा सेकंदांच्या वर जात असेल तर भाव पाडा किंवा उठा.

'एकदम मस्त चालून राहिला भाऊ, परवाच्या लग्नात पण हाच होता,' असं ऐकू येईल. ऐकून घ्या, आणि पुढची चाचणी करा, कारण खरा निकाल हीच लावते. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, शटर १/१६०, लेन्स १८ मिमीला. फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवा, नाहीतर तुमच्याकडे ट्रिगर असेल तर त्यानं उडवा. समोर एखादी साधी भिंत. फ्लॅश १/१ ला ठेवून एफ/१६ वर फोटो घ्या. मग फ्लॅश १/२, अ‍ॅपर्चर एफ/११. मग १/४ आणि एफ/८, १/८ आणि एफ/५.६, १/१६ आणि एफ/४. फ्लॅश प्रत्येक वेळी निम्मा होतो आणि अ‍ॅपर्चर दुप्पट उजेड आत घेतं, म्हणून पाचही फोटो सारखेच दिसायला पाहिजेत. पाच फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेजारी-शेजारी लावून पाहा. एखादा मधेच काळवंडला किंवा फटफटीत आला तर त्या पायरीवर फ्लॅश खोटं बोलतोय.

लगेच दुसरी: १/४ वर ठेवून एकाच सेटिंगवर आठ-दहा फोटो. सगळे सारखे पाहिजेत. इथे दिवा लागल्यावर एक-दोन सेकंद जादा थांबा. पुष्कळ फ्लॅशांमध्ये पूर्ण भरायच्या आधीच दिवा लागतो, आणि घाई केली तर चांगल्या फ्लॅशवर विनाकारण आळ येतो. पूर्ण ताकदीवर मात्र भराभर पंधरा-वीस वेळा उडवू नका. फ्लॅश तापतो, आणि तो अजून दुसऱ्याचा आहे.

झूमचं बटण दाबून मोटरचा आवाज ऐका, करकर नको. पडद्यावरचे आकडे पूर्ण उमटतात का, प्रत्येक बटण पहिल्या दाबात चालतं का, तेही पाहा. उजेड पाहून उडणारा डोळा तपासायला कॅमेऱ्याचा पॉपअप फ्लॅश मॅन्युअलवर उडवा. मोबाइलचा एलईडी यासाठी भरवशाचा नाही. शेवटी झोप बंद करून फ्लॅश पाच मिनिटं तसाच ठेवा आणि तोवर चहा मागवा. चहा संपेपर्यंत जागा राहिला पाहिजे.

बिघडलेला फ्लॅश 'घरीच उघडून पाहतो' म्हणून घेऊ नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठते, आणि सेल काढल्यावरही ती तिथेच बसलेली असते.

भाव

त्या मॉडेलची आजची नवी किंमत आधी पाहून ठेवा. चांगल्या स्थितीतल्या जुन्या चिनी फ्लॅशला नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नये, असं मला वाटतं. वॉरंटी बहुधा संपलेली असते. निकॉन-कॅननवाले नावाचे पैसे लावतात. तुम्हाला टीटीएल नकोय, म्हणून त्या नावाचे पैसे तुम्ही देऊ नका. वाचलेले पैसे सेल आणि ट्रिगरमध्ये घाला. एनेलूपसारखे पुन्हा चार्ज होणारे चार सेल आणि बरा चार्जर नवेच घ्यायचे, जुने कधीच नाही.

बाकीचं सामान

फ्लॅशमध्ये रेडिओ असेल तर त्याच कंपनीचा, तुमच्या कॅमेऱ्याला जुळणारा ट्रिगर. नसेल तर ट्रिगर आणि रिसिव्हरची जोडी. फक्त उजेड पाहून उडणाऱ्या डोळ्यावर विसंबू नका: उन्हात तो आंधळा होतो, आणि लग्नात कुणाचाही फ्लॅश चमकला की तुमचाही उडतो.

सहा-सात फुटी स्टँड, छत्री आणि फ्लॅश दोन्ही धरणारी ब्रॅकेट, आणि एक पांढरी आरपार छत्री. एवढ्यावर वर्षभर शिकता येतं. बाहेर काढणार असाल तर स्टँडच्या पायाला पाण्याची भरलेली बाटली बांधा. छत्री म्हणजे शीडच असते, अंबाझरी तलावावरच्या वाऱ्यानं स्टँड फ्लॅशसकट आडवा होतो.

घरी आणल्यावर

खिडकीपासून दूर कुणाला तरी खुर्चीवर बसवा. आयएसओ २००, शटर १/१६०, एफ/५.६ ठेवून आधी फ्लॅशशिवाय फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला पाहिजे. म्हणजे आता जो उजेड दिसेल तो सगळा तुमच्या फ्लॅशचा. छत्री चेहऱ्यापासून चार फुटांवर, तिरकी बाजूला आणि डोळ्यांपेक्षा वर. फ्लॅशचं झूम २४ किंवा ३५ मिमीला, म्हणजे छत्री पूर्ण भरते. ताकद १/८ पासून सुरू करा. फोटो काळा आला तर १/४, फटफटीत आला तर १/१६. पाठची भिंत काळी पाहिजे तर माणसाला भिंतीपासून लांब आणि छत्रीला माणसाच्या जवळ आणा, ताकद तेवढीच कमी करा.

मे महिन्यात फ्लॅश आणि सेल बंद गाडीत ठेवू नका. बाहेर पंचेचाळीस असेल तर डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि लिथियम बॅटरीला ते सोसत नाही. काम झालं की सेल काढून ठेवा. महिन्यातून एकदा सेल टाकून फ्लॅश भरा आणि चार-पाच वेळा उडवा, म्हणजे कपॅसिटर सुस्तावत नाही.